गिटारची मान मोडली? पहिला गोंद लावण्याआधी हे वाचा

माझी गिटार पडली तेव्हा आवाज फार मोठा आला नव्हता. गणपतीचे दिवस, मखरासाठी हॉल रिकामा केलेला, म्हणून गिटार बेडरूममध्ये कपाटाला टेकवून ठेवली होती. मामेभाऊ सतरंजी आणायला आत गेला, दार उघडलं आणि गिटार पाठीवर आडवी झाली. आधी 'टक्', मग सहाही तारांची एक लांब गुरगुर. उचलली तर खुंट्यांचा भाग, म्हणजे हेडस्टॉक, तारांच्या आधारानं लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत काम करणाऱ्या सुतारकाकांनी भेगेत पांढरा गोंद भरला आणि वरून सुतळी आवळली. सात-आठ महिने गिटार झकास वाजली. मे महिन्यात सोलापूरला लग्नाला नेली, दुपारभर गाडीच्या डिकीत राहिली, आणि संध्याकाळी केस उघडून बघतो तर भेगेनं पुन्हा आ वासलेला. सुतारकाकांना बोल लावण्यात अर्थ नाही. खुर्चीच्या पायाला तोच गोंद जन्मभर पुरला असता. पण दुसऱ्या खेपेला काम तिप्पट जड गेलं, कारण आता भेगेत उघडं लाकूड उरलं नव्हतं, वाळलेल्या गोंदाचा थर होता.

ताज्या भेगेचे दोन्ही काठ एकमेकांत दातांसारखे बसतात. ही संधी लाकूड एकदाच देतं. पहिला गोंद चुकला की ते दात बुजतात आणि पुढचं सगळं काम डागडुजीवर डागडुजी असं होतं. त्यानंतर मित्रमंडळींच्या पाच-सहा गिटारी जोडल्या, त्यातल्या दोन आधी कुणीतरी 'चिकटवून' दिलेल्या होत्या. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. तुमची गिटार आत्ताच पडली असेल तर थेट पहिल्या पायरीवर जा, मधला भाग नंतर वाचा.

मान इथेच का मोडते

तारा नटवर, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीवर, दाबून बसाव्यात म्हणून बहुतेक गिटारींचा हेडस्टॉक मागे कललेला असतो. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारीत हा कल साधारण १७ अंशांचा. आता नेक (म्हणजे मान) आणि हेडस्टॉक एकाच फळीतून कापले, तर नेकमध्ये लांबलचक धावणारे लाकडाचे तंतू हेडस्टॉकच्या वळणावर आखूड तुकड्यांत कापले जातात. चुलीसाठी लाकूड फोडलेल्या कुणालाही विचारा, कुऱ्हाड रेषेत बसली की ढलपी किती सहज निघते. इथे तेच होतं. त्यात अनेक गिटारींना नेमकं या जागी ट्रस रॉडच्या (नेकच्या आतली, तारांचा ताण तोलणारी लोखंडी सळई) स्क्रूसाठी खड्डा कोरलेला असतो. लाकूड आधीच कच्चं, वर पोखरलेलं.

फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरचं डोकं कललेलं नसतं आणि लाकूड मेपलचं, टणक. म्हणून ती सहसा या दवाखान्यात येत नाही.

हेडस्टॉक जमिनीवर आपटायलाच हवा असंही नाही. टोकाला सहा धातूच्या खुंट्यांचं वजन असतं. केस धाडकन पडली की गिटारचं धड थांबतं आणि डोकं झटका खाऊन पुढे जातं. रात्रीच्या बसमधून उतरल्यावर बंद केसमधली गिटार मोडलेली निघते ती अशी.

१. पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं

सगळ्या तारा सैल करा. एकदम कापू नका. १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तारांचा संच सुरात असताना नेकवर साधारण ७० ते ७५ किलोचा ताण असतो, म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस तिथे रात्रंदिवस लोंबकळतोय असं समजा. एका हातानं हेडस्टॉक धरा, दुसऱ्यानं एकेक तार थोडी थोडी सैल करत जा. डोळ्यांवर चष्मा असला तर उत्तम.

मग जमिनीवर बसा आणि कपच्या वेचा. काडेपेटीच्या काडीएवढी असली तरी टाकायची नाही. एका छोट्या डबीत ठेवा, डबीवर 'फेकू नये' असं लिहा. माझ्या दोन कपच्या आईच्या केरसुणीत गेल्या, त्या जागी आज भुशाचं लिंपण आहे.

तीन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. भेग पुन्हा पुन्हा उघडझाप करून बघू नका, दर वेळी चार तंतू मोडतात. भेगेच्या आत बोट लावू नका, हाताचं तेल गोंदाचा वैरी आहे. आणि 'तात्पुरतं' म्हणून काहीही चिकटवू नका. फेव्हिक्विकची ट्यूब घरात असेल तर ती लपवून ठेवा.

२. भेग नीट बघा

उजेडात, शक्य असेल तर मोबाईलच्या टॉर्चनं तिरपा प्रकाश टाकून बघा. फोटो काढा, चारही बाजूंनी.

केसासारखी चीर: हेडस्टॉक जागेवर आहे, पण नखाला एक रेघ लागते. तारा चढवल्या की रेघ किंचित रुंदावते. दिसायला किरकोळ, पण यात गोंद आतपर्यंत पोचवणं हेच अवघड.

लांब, तिरकी फूट: नेकच्या मागून भेग उघडते आणि तिरकी जात पुढच्या बाजूनं नटच्या पलीकडे निघते. पुष्कळदा पुढचा पातळ लाकडी पापुद्रा शाबूत असतो आणि हेडस्टॉक त्यावर बिजागरीसारखा हलतो. बघून पोटात गोळा येतो, पण जोडायला हीच सगळ्यांत चांगली. भेग जितकी लांब, तितकी गोंदाला धरायला जागा जास्त.

आखूड, आडवा तुकडा: नटच्या मागेच कडकन तुटून दोन तुकडे. गोंदाला जागा कमी. नुसत्या गोंदावर हे भागेलच असं नाही.

सांधा सुटणं: बऱ्याच गिटारींत हेडस्टॉक वेगळा कापून तिरक्या सांध्यानं जोडलेला असतो. नेकच्या मागे, पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) आसपास, एक सरळ आडवी रेघ दिसते ती हीच. ती सुटली आणि काठ सुरीनं कापल्यासारखे सपाट असतील, तर लाकूड मोडलेलं नाही, कारखान्यातला गोंद सुटलाय. इथे जुना गोंद खरवडून काढावाच लागतो.

आधी जोडलेली: भेगेत पिवळट, पांढरट किंवा काचेसारखा चकाकता थर दिसतो. मालक सांगो न सांगो, तो दिसतोच.

३. घरी करायचं की कारागिराकडे?

माझा हिशेब साधा आहे. लांब तिरकी फूट, लाकूड ताजं, कपच्या जागेवर आणि गिटार तुमच्या शिकण्याच्या काळातली: घरी करा. केसासारखी चीर: घरी करता येते, घाई न करता. आखूड तुकडा, आधी जोडलेली किंवा किमती जुनी गिटार: कारागिराकडे न्या. आखूड तुकड्याला मागून दोन खाचा कोरून त्यांत लाकडी पट्ट्या बसवतात, पट्टीचे तंतू नेकच्या दिशेनं लांबपर्यंत धावतील असे. म्हणजे ताण गोंदावरून पट्ट्यांवर जातो. या कामाला राउटर, म्हणजे लाकडात खाच कोरायचं यंत्र, आणि सरावलेला हात लागतो. यूट्यूब बघून पहिली खाच आपल्याच गिटारवर कोरायची नसते.

एक गोष्ट ओघात. मला सतार-तानपुऱ्याबद्दलही विचारणा होते. त्यांचं दुखणं वेगळं. तिथे बहुधा दांडी भोपळ्याला मिळते तो गळा सुटतो किंवा भोपळाच तडकतो, आणि या लेखातलं क्लॅम्पनं, म्हणजे शिकंज्यानं, आवळायचं तंत्र तिथे चालत नाही. मिरजेत हे काम दीडशेहून जास्त वर्षं चाललंय, तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वाद्य गाडीत घालून सतारमेकर गल्ली गाठा, गिटारवाल्यांचा सल्ला घेऊ नका. माझाही.

४. सामान

हे सगळं आधी टेबलावर मांडा. गोंद लावल्यावर 'अगं, ती पट्टी कुठंय' म्हणायला वेळ नसतो.

• लाकडाचा पिवळा गोंद (कोणता, ते पुढे)
• सी-क्लॅम्प किंवा सरकते क्लॅम्प, किमान ३, जमल्यास ५. हार्डवेअरच्या दुकानात शिकंजा म्हणूनही मिळतात. ४ इंची पुरतात.
• लाकडाचे ठोकळे: एक सपाट, एक नेकच्या गोलाईला बसेल असा
• जुन्या चामडी पट्ट्याचे किंवा सायकलच्या ट्यूबचे तुकडे, ठोकळ्यांखाली घालायला
• दुधाच्या रिकाम्या पिशव्या, धुऊन वाळवून आणि उभ्या चिरून. या प्लॅस्टिकला गोंद चिकटत नाही. बटर पेपरपेक्षा मला हेच बरं वाटतं, ओलं होऊन फाटत नाही.
• मेडिकलमधून १ मिलिची सिरिंज आणि सुई
• बारीक ब्रश, दातांचा धागा, जुना मऊ टूथब्रश
• जुनं बनियन आणि वाटीभर कोमट पाणी
• हेअर ड्रायर
• ट्रस रॉडची ॲलन की. बऱ्याच गिटारींना ४ किंवा ५ मिमीची लागते.
• पेन्सिल आणि कागदी चिकटपट्टी, ती पिवळसर रंगकामाची

पॉलिश पेपर या यादीत मुद्दाम नाही. तो शेवटी येईल.

५. गोंद कोणता

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ, म्हणून जरा थांबतो.

सुताराचा पांढरा गोंद लाकूड घट्ट धरतो, यात शंका नाही. अडचण वेगळी आहे. तो वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो. टेबलाच्या सांध्यात ते चांगलंच, पण गिटारच्या मानेवर ताण एका दिशेनं आणि अखंड असतो. अशा ताणाखाली, त्यातून उन्हाळ्यात, हा गोंद तुटत नाही, हळूहळू सरकतो. केसाएवढा आज, केसाएवढा पुढच्या महिन्यात. माझ्या गिटारचं तेच झालं. गाडीच्या डिकीनं फक्त शेवटचा धक्का दिला.

मी वापरतो तो टाइटबाँड ओरिजिनल, लाल लेबलची बाटली. ऑनलाइन सहज मिळते. वाळल्यावर जास्त कडक होतो आणि नीट घासला जातो. निळ्या आणि हिरव्या लेबलचे त्याचे भाऊ पाण्याला जास्त टिकतात, पण आपल्याला गिटार पावसात ठेवायची नाही, तेव्हा ते सोडा. बाटली ताजी घ्या. कपाटात तीन वर्षं पडून दोऱ्यासारखा ताणला जाणारा गोंद फर्निचरलाही नको.

सरस हा जुना आणि खानदानी पर्याय. जनावरांच्या कातडीपासून बनवलेले दाणे पाण्यात भिजवून, दुहेरी भांड्यात साधारण ६० अंश सेल्सिअसला पातळ करतात. वाळल्यावर काचेसारखा कडक, ताणाखाली सरकत नाही, आणि पुढे कधी उघडायचं झालं तर ऊब आणि ओलाव्यानं सुटतो. व्हायोलिनवाले आजही त्यावरच जातात. पण हातात वेळ मिनिटभराचाच. तेवढ्यात गार होऊन थिजायला लागतो. पहिल्या कामाला नको. शिवाय स्वयंपाकघरात वितळवलात तर घरच्यांशी आधी बोलून घ्या, वास चांगलाच येतो.

इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूब मिसळायचा अॅरल्डाइटसारखा प्रकार: भेगेत जुन्या गोंदाचा मळ असेल किंवा कपच्या हरवून पोकळी राहिली असेल तरच. त्यातही सावकाश वाळणारा घ्या, ५ मिनिटांत वाळणारा नको. एकदा इपॉक्सी लाकडात मुरला की तिथे पुन्हा साधा गोंद धरत नाही, हे लक्षात ठेवूनच बाटली उघडा.

फेव्हिक्विकसारखे झटपट गोंद मानेच्या भेगेत कधीच नाहीत. काही सेकंदांत वाळतात, तेवढ्यात तुकडा सरळ बसला तर नशीब. आणि झटका लागला की काचेसारखे तडकतात. त्यांचा उपयोग आहे, पण तो रंगाच्या टवक्यांसाठी, दहाव्या पायरीवर.

६. सुटं करा आणि साफ करा

खुंट्या काढा. मागचे बारीक स्क्रू एका वाटीत आणि कुठला कुठे होता ते फोटोत. ट्रस रॉडचं झाकण काढा, ॲलन की घालून रॉड उलट्या दिशेनं सैल होईपर्यंत फिरवा आणि किती वेढे दिले ते कागदावर लिहून ठेवा. अकूस्टिकमध्ये हा स्क्रू बहुधा साउंडहोलच्या (धडावरच्या गोल भोकाच्या) आत असतो.

स्क्रू हेडस्टॉककडे असेल तर भेग त्याच्या खड्ड्यातूनच जाते. स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्तीचं थोडं मेण घासा. नाहीतर गोंद आट्यांत उतरतो आणि रॉड कायमचा जाम होतो. मेण भेगेच्या लाकडाला मात्र लागू देऊ नका. लागलं तर तिथे गोंद धरणारच नाही.

भेग ताजी असेल तर फक्त कोरड्या ब्रशनं धूळ झटका. घासायचं नाही, खरवडायचं नाही, 'थोडं गुळगुळीत करून घेऊ' तर अजिबात नाही. ते वेडेवाकडे दातच आपलं भांडवल. आडवे आलेले दोन-चार तंतू सुईनं जागेवर बसवा. अगदीच बसत नसतील तर तेवढेच कापा.

जुना पांढरा गोंद असेल तर गरम केलेलं पांढरं व्हिनेगर टूथब्रशनं लावा, दहा मिनिटांत तो मऊ होऊन साईसारखा निघायला लागतो. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं ब्रश करा, पुसा, पुन्हा लावा. शेवटी साध्या पाण्याचा हात फिरवून दोन दिवस पूर्ण वाळू द्या. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली होती आणि खोलीला महिनाभर लोणच्याचा वास होता.

७. कोरडी तालीम

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि बहुतेक कामं इथेच बिघडतात.

गोंद न लावता तुकडे जुळवा आणि क्लॅम्प लावून बघा. नेक गोल, हेडस्टॉक कललेला, आणि क्लॅम्पला हवा असतो समांतर, सपाट दाब. कललेल्या जागी क्लॅम्प आवळला की तो घसरतो आणि भेगेला बाजूला ढकलतो. म्हणून ठोकळे.

पुढच्या बाजूला सपाट ठोकळा: नट ते खुंट्यांची पहिली जोडी एवढी जागा झाकेल असा. मागच्या बाजूला गोलाईचा ठोकळा. तो करायची सोपी युक्ती सांगतो. सागाचा किंवा पाइनचा हातभर तुकडा घ्या, त्यात अर्धगोल कानशीनं नेकएवढी खोबण करा, आत जाड चामडं चिकटवा. नेमकी बसायची गरज नाही, चामडं सांभाळून घेतं. ठोकळ्याची बाहेरची पाठ पुढच्या ठोकळ्याला समांतर हवी. ती तिरपी राहिली तर पाचरीसारखा पातळ तुकडा घालून समांतर करा. क्लॅम्पची जबडी या दोन समांतर पाठींवर बसली की घसरण थांबते.

आता हळूहळू आवळा आणि भेगेकडे बघा. काठ पूर्ण मिटले का? दोन्ही बाजूंनी नख आडवं फिरवा, पायरी लागते का? एक बाजू मिटते आणि दुसरी उघडी राहते असं झालं तर आत कपची अडकली आहे. उघडा, शोधा, काढा. जोर लावून मिटवू नका.

सगळं जमलं की ठोकळ्यांच्या जागा चिकटपट्टी लावून पेन्सिलनं आखा, क्लॅम्पना १, २, ३ असे आकडे द्या. मग सोडा आणि घड्याळ लावून पुन्हा सगळं बसवा. ४ मिनिटांत झालं तर तुम्ही तयार आहात. मला तिसऱ्यांदा जमलं होतं.

८. गोंद लावायचा दिवस

पंखा बंद. फोन दुसऱ्या खोलीत. एखादा माणूस मदतीला असेल तर बरा. त्याचं काम एवढंच: मागितलं ते हातात देणं आणि सल्ला न देणं.

हेअर ड्रायरनं लाकूड किंचित कोमट करा, हाताला ऊब लागेल इतकंच. कोमट लाकडात गोंद आत ओढला जातो. मात्र या गोंदाला जोड उघडी ठेवून मिळणारा वेळ ४ ते ६ मिनिटांचा असतो आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याहूनही कमी. उन्हाळ्यात हे काम सकाळी करा.

दोन तुकडे पूर्ण वेगळे असतील तर दोन्ही काठांवर ब्रशनं गोंदाचा पातळ, सलग थर द्या. कुठेही कोरडं लाकूड दिसता कामा नये. पापुद्र्यावर लोंबत असेल तर तो पापुद्रा तोडू नका, भेग हलकेच जेवढी उघडेल तेवढी उघडून आत ब्रश घाला आणि शेवटच्या कोपऱ्यात सिरिंजनं सोडा.

केसासारख्या चिरेला वेगळी रीत. गोंदात पाण्याचे दोन-तीन थेंब घालून दुधाएवढा पातळ करा. चिरेवर एक ओघळ ठेवा आणि हेडस्टॉक अगदी हलका खाली-वर करा. चीर श्वास घेतल्यासारखी उघडमिट करते आणि गोंद आत खेचते. दातांचा धागा चिरेत सरकवूनही गोंद आत ढकलता येतो. दुसऱ्या बाजूनं गोंदाचे बारीक मणी दिसले की समजा पोचला. हे मणी दिसेपर्यंत गोंद भरत राहा. तारांच्या ताणाला पहिलं उघडतं ते न पोचलेलं टोक.

जुळवा. दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक, चामडं, ठोकळा, क्लॅम्प, या क्रमानं. पहिला क्लॅम्प भेगेच्या मधोमध, फक्त पकड येईल इतका. ओला गोंद साबणासारखा निसरडा असतो आणि तिरकी भेग दाबाखाली हटकून सरकते. पुन्हा नखानं पायरी तपासा, दोन्ही बाजूंनी. सरकली असेल तर क्लॅम्प सैल करून जागेवर आणा. मग दुसरा, तिसरा, आणि सगळे आळीपाळीनं थोडे थोडे आवळा.

किती आवळायचं? भेगेच्या पूर्ण लांबीवर गोंदाची बारीक माळ बाहेर आली की पुरे. त्यानंतरचा जोर फक्त लाकूड चेपतो आणि सगळा गोंद बाहेर काढून जोड उपाशी ठेवतो. बाहेर आलेला गोंद ओल्या बनियनच्या तुकड्यानं लगेच पुसा. ट्रस रॉडच्या खड्ड्यात डोकावून तिथला गोंदही काडीनं काढा. शेवटी गिटारच्या बुडाकडून, एक डोळा मिटून, नेकच्या रेषेत बघा. हेडस्टॉक पिळलेला नाही ना?

९. चोवीस तास

बाटलीवर अर्ध्या तासात क्लॅम्प काढायला चालतो असं लिहिलेलं असतं, ते जोर न येणाऱ्या जोडांसाठी. मी २४ तास ठेवतो, पावसाळ्यात ४८. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये काम करत असाल तर आणखी एक दिवस द्या. दमट हवेत या गोंदातलं पाणी निघायला वेळ लागतो.

मधूनच सैल करून बघण्याचा मोह होतो. मला झाला होता. नका करू.

१०. रेघ, टवके आणि पॉलिश

खरं सांगतो, रेघ दिसेल. लपवण्याच्या नादात चांगली जोड घासून पातळ केलेल्या गिटारी मी पाहिल्यात. आधी मजबुती.

आधी मूळ रंग कशाचा आहे ते बघा. न दिसणाऱ्या जागी, म्हणजे खुंटीच्या वॉशरखाली, स्पिरिटचा एक थेंब कापसानं लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटला ढिम्म पण थिनरला विरघळलं तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर. आजच्या बहुतेक स्वस्त आणि मधल्या किमतीच्या गिटारी या तिसऱ्या गटातल्या.

लाखेचं पॉलिश असेल तर काम आनंदाचं. मऊ कापडाच्या गाठोड्यानं लाखेचे पातळ हात देत जा, जुन्या थरात मिसळून जातात. पॉलियुरेथेनच्या टवक्यात झटपट गोंदाचा थेंब टाकतात, तो वाळला की उंचवटा राहतो. तो खाली आणायला साध्या दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा, मधला अर्धा सेंटिमीटर उघडा ठेवा, आणि ब्लेड उभं धरून ओढा. पट्टीच्या जाडीमुळे ब्लेड आजूबाजूच्या रंगाला लागत नाही, उंचवटाच तेवढा कापला जातो. मग पट्टी काढून ८००, १२००, २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. शेवटी गाडीचं पॉलिश. खिडकी उघडी ठेवा, त्या गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते.

११. तारा चढवणं

जोड वाळल्यावरही मी आठवडाभर तारा चढवत नाही. आठव्या दिवशी खुंट्या बसवा आणि हलक्या तारा घ्या. अकूस्टिकला १२ गेजची सवय असेल तर १० किंवा ११.

पहिल्या दिवशी पूर्ण एक स्वर खाली लावा. रात्रभर ठेवा. सकाळी भेगेवर नख फिरवा आणि दुसऱ्या पायरीत काढलेल्या फोटोंशी ताडून बघा. काही हललं नसेल तर अर्धा स्वर वर, पुन्हा एक रात्र. तिसऱ्या दिवशी मूळ सुरात. त्यानंतरच ट्रस रॉड, लिहून ठेवलेले वेढे मोजून, पाव-पाव वेढ्यानं परत आवळा.

रेघेवर नवी, बारीक पांढरी ओळ उमटली तर लगेच तारा उतरवा. जोड सरकतेय. आता कारागिराकडेच जायचं, आणि आधी कुठला गोंद लावलाय ते त्याला खरंखरं सांगायचं. हीच माहिती त्याला सगळ्यांत जास्त लागते आणि लोक हीच लपवतात.

१२. पुन्हा पडू नये म्हणून

कपाटाला टेकवायची नाही, हे तर झालंच. स्टँड नसेल तर पलंगावर किंवा केसमध्ये आडवी.

प्रवासात केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली आणि वर पोकळी राहते, त्यामुळेच डोकं झटका खातं. जुन्या टॉवेलची गुंडाळी करून खाली एक आणि वर एक अशी घाला, हेडस्टॉक हलणार नाही इतकी, पण झाकण दाबून बंद करावं लागेल इतकी नाही. तारा दोन स्वर उतरवा. बसमध्ये क्लिनर डिकीत टाकायला सांगतो, तेव्हा हो म्हणू नका, मांडीवर घेऊन बसा. मे महिन्यात उभ्या गाडीत गिटार ठेवून जेवायला जाऊ नका, पंगतीला सोबत घेऊन जा. सोलापूरच्या त्या लग्नात हे मला कुणी सांगितलं असतं तर वरातीत मी वाजवत असतो.

आणि गिटार विकायची झालीच, तर जोडलेली जागा आधीच दाखवा, फोटोंसकट. किंमत बरीच उतरते, पण घेणारा कधी ना कधी नेकच्या मागे अंगठा फिरवणारच आहे.